लॉकच्या तळाशी नवरा

कालव्यातली सहल म्हणजे नुसता आराम, असं माझा नवरा दोन आठवडे सांगत होता. आराम होताच. त्याला.

तेव्हा आम्ही इंग्लंडात मेडनहेडला राहत होतो. तिथल्या शाळेत विज्ञान शिकवता शिकवता मी नुकतीच कायम झाले होते आणि त्या आनंदात ही बोट दिवसभरासाठी भाड्याने घेतली होती. बोट इतकी अरुंद, की आत दोघं समोरासमोर आले तर एकाने पोट आत घ्यावं.

कालवा उतारावरून जातो म्हणून मधे मधे लॉक असतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला दगडी हौद. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, झडपा उघडून पाणी सोडायचं आणि बोट खाली गेली की पुढचं दार उघडायचं. हे सगळं काठावरून. इंग्रज जोडप्यांत सुकाणू नवऱ्याकडे आणि दारं बायकोकडे. इतक्या वर्षांत माझ्या नवऱ्याने इंग्रजांचा एवढा एकच रिवाज ताबडतोब उचलला.

लॉक इतके जवळजवळ होते की बोटीत परत चढण्यात अर्थ नव्हता. मी झडपा फिरवायचं लोखंडी हँडल खांद्यावर टाकून ऐटीत पुढे चालायची, दाराचा लांब दांडा पाठीने रेटायची. मेंढ्या बघत राहायच्या. मागून बोट डुलत यायची. तिच्यावर नवरा, त्याचा ईलिंगचा मित्र, मित्राची बायको आणि मी पहाटे उठून केलेले बटाटेवडे.

एका लॉकवर मित्राची बायको माझ्यासाठी चहा घेऊन काठावर उतरली. बोट पाण्याबरोबर खाली चालली होती. यंदा दिवाळी पुण्यात म्हणजे मजा आहे तुमची, असं ती म्हणाली आणि मग माझ्या शाळेसाठी हळहळली. मला काही कळेना. माझा चेहरा बघून तीच घाबरली.

"अगं, मघाशी वडे खाताना त्यानेच सांगितलं. पुण्याची नोकरी घेतली म्हणून. तुला माहीत नाही?"

मी हौदाच्या कडेला गेले. बोट तळाशी पोचली होती. चारी बाजूंना शेवाळलेल्या भिंती आणि मधोमध नवरा, मान वर करून. असा रंगमंच मला आयुष्यात पुन्हा मिळाला नाही.

"पुण्याला कोण चाललंय?"

मित्राने वड्यांच्या डब्यात तोंड खुपसलं. नवरा म्हणाला, घरी गेल्यावर बोलू. मी म्हटलं, मला घाई नाही, दार मी उघडणार आहे. मागे दुसरी बोट येऊन थांबली होती. तिच्यावरचं वयस्कर जोडपं अत्यंत सभ्यपणे बदकांकडे बघू लागलं.

"हो म्हणून कळवलंय," तो शेवटी म्हणाला. "तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणालेच असते."

"मग विचारून काय उपयोग होता?"

मी वळून दाराच्या दांड्याला पाठ लावली. मागच्या बोटीवरची म्हातारी उतरून आली आणि माझ्याशेजारी दांड्याला पाठ लावून उभी राहिली. दार उघडलं. नवऱ्याने बोट काठाला आणली, माझ्यासाठी थांबवली. मी हातानेच 'पुढे हो' अशी खूण केली. पुढचा लॉक समोर दिसत होता.

राजीनामा द्यायला गेले तेव्हा हेडबाईंनी हळूच विचारलं, हा निर्णय नक्की कोणाचा. आमच्या दोघांचा, असं मी ठणकावून सांगितलं.