येळवसेची गैरहजेरी

लातूरला मी शिकवत होतो त्या क्लासमध्ये मुलांच्या तुकड्या कॉम्प्युटर पाडू लागला. येळवसेला, म्हणजे वेळा अमावास्येला, गैरहजर असलेली सगळी पोरं त्यानं खालच्या तुकडीत टाकली. त्या दिवशी अख्खा जिल्हा शेतात भज्जी-आंबील जेवायला जातो. मीसुद्धा शेतातच होतो!

मुरुडच्या एका आईनं विचारलं, "हे ठरवलं कुणी?"

"सिस्टीमनं," संचालक म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. भूकंपानंतर आम्ही किल्लारीत पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो, तेव्हा कुणाला कोणतं घर मिळणार हे सरकारी साहेब गावापुढं मोठ्यानं वाचायचे. माझी आई उठून म्हणायची, "ह्ये न्हाई चालायचं." साहेबांना तिथंच उत्तर द्यावं लागायचं.

भांडून मी तोच नियम क्लासला लावला. कॉम्प्युटरनं काहीही ठरवू दे, ते आधी पालकांपुढं कारणासकट वाचायचं, आणि उत्तर माणसानं द्यायचं. पोरांना त्यांच्या जागा परत मिळाल्या. नियम अजून चालू आहे.

पोरांच्या जागा परत मिळाल्या त्या पहिल्याच वाचनाला मुरुडच्या त्याच आई उठल्या होत्या. "सर, येळवसेला शेतात जाणं गुन्हा हाय का?"

संचालकांनी सवयीनं कॉम्प्युटरकडं बघितलं.

"तिकडं काय बघता?" मी म्हणालो. "त्या तुम्हाला विचारायल्यात."