हुलासबाईंची जिवाणी

दुसरं महायुद्ध पेटायच्या थोडं आधी नंदुरबारात नळ आले आणि बाजारपेठेतल्या शेठाण्या हरखल्या. पंचाईत झाली ती एकट्या हुलासबाईंच्या घरात. त्यांचा जैनांचा नेम कडक. पाणी दुपदरी गाळण्यातून गाळायचं आणि गाळण्यावर राहिलेली जिवाणी, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे जीव, ज्या पाण्यातले त्याच पाण्यात परत पोचवायचे. तेही वरून ओतून नाही. जिवांना दणका बसतो. आता नळात परत सोडायचे कसे?

जिवाणीची लोटी घेऊन त्या थेट पाण्याच्या कचेरीत गेल्या. कारकून हसत सुटला. "बाई, इथं नळासाठी अर्ज घेतो. किडामुंगीला माहेरी धाडायचा अर्ज अजून निघाला नाही!"

नळाच्या चाव्या फिरवणारा उखा दारातच उभा होता. "शेठाणीमाय, हाई पानी नदीकाठनी विहीरनं शे. मी रोज तठे जास. लोटी मन्हा हातमा दे, सोडी दिसू."

"तुझ्या हातात?" हुलासबाईंनी लोटी पदराखाली घेतली. "माझा धर्म काय वाटेवर पडलाय?"

घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं, नळाचं पाणी उंबऱ्याच्या आत नको. जुन्या बारवेचंच प्यायचं, जिवाणीही तिथंच सोडायची. त्यांचे स्वतःचे गुडघे धरलेले. पाणी भरणारी बाई नळ आल्यापासून येईनाशी झालेली. राहिली सून, प्यारीबाई. रनाळ्याची, हसरी, आणि सहावा महिना लागलेला.

"सासूजी, पायऱ्यांवर शेवाळ धरलंय. तिकडं आता कुणी फिरकत नाही."

"जीव आहेत ते, प्यारी. खालच्या पायरीवर बस आणि हळू सोड."

प्यारीबाई हळू सोडायलाच वाकली आणि पाय घसरला. ती वाचली. पोटातलं राहिलं नाही, आणि पुढं कूस कधी उजवलीच नाही. सासूला ती एका शब्दानं बोलली नाही; हुलासबाईंना तेच सोसवेना. सामायिकाला, म्हणजे रोजच्या जपध्यानाला, बसल्या की नवकार मंत्र ओठांवरच अडायचा, ती हिरवी पायरी डोळ्यांपुढं यायची.

शेवटी घरात नळ आला. एका सकाळी हुलासबाई कचेरीच्या दाराशी गेल्या आणि लोटी उखाच्या हातात ठेवली.

उखानं ती दोन्ही हातांनी घेतली. "फिकर करू नको, माय. खालनी पायरीवर उतरसू, हळूच सोडसू."

"नको रे बाबा!" हुलासबाई ओरडल्याच. "उतरू नकोस. वरूनच टाक."