फ्लेक्सने मढवलेला गोठा

आमची वस्ती निमगाव सावाच्या कडेला, तिन्ही बाजूंनी ऊस. उसात बिबट्या असतो हे आमच्याकडे कुणी मुद्दाम सांगत बसत नाही. पाहुण्याला चहा देतानाच 'अंधार पडायच्या आत निघा' म्हणतात. त्या हिवाळ्यात शेजारच्या वस्तीवरचं कुत्रं बिबट्यानं नेलं आणि आमच्या घरधन्याच्या अंगात बंदोबस्त संचारला.

शेळ्यांच्या गोठ्याला जाळी होतीच, तीही चांगली जाड. पण जाळीतून बिबट्याला शेळ्या दिसतात आणि दिसल्या की त्याला भूक लागते, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून गावातले जुने फ्लेक्स गोळा करून ह्यांनी गोठा चारी अंगांनी मढवला. एका बाजूला हात जोडून उभे असलेले उमेदवार, दुसऱ्या बाजूला वाढदिवसाच्या शुभेच्छा, दारावर बैलगाडा शर्यतीतली पळती बैलजोडी. फटी राहिल्या तिथं पोती कोंबली. मुंगीला शिरायला जागा नव्हती.

थोड्याच दिवसांत शेळ्या खोकायला लागल्या. सगळ्यात जास्त खोकायची ती सासूबाईंची गाभण शेळी. ती करडू असतानाच तिची आई मेली, तेव्हा सासूबाईंनी तिला बाटलीनं दूध पाजून वाढवलेली. घरात तिला कुणी बोलायचं नाही; बोलून घ्यायला मी होते. आता तिचं नाक गळायचं, पोट भात्यासारखं हलायचं आणि तिनं पाल्याला तोंड लावणं सोडलं. सासूबाईंनी तिची नजर उतरवली. हे म्हणाले, "गारठ्यानं झालं असंल," आणि आणखी दोन पोती कोंबून आले. लिहितानाही माझं डोकं फिरतं.

शेवटी मीच डॉक्टरांना फोन केला. ते बैलजोडी बाजूला सारून आत शिरले आणि गेले तसे डोळे पुसत बाहेर आले.

"भाऊ, न्युमोनिया झालाय ह्यांना. आत हवाच न्हाई, मुताच्या वासानं छाती धरलीय. मी इंजेक्शन देतो, पण हे समदं आजच्या आज काढा. न्हाईतर ही गाभण काय वाचत न्हाई."

"आन् बिबट्या आला म्हंजी?"

"जाळी हाय की राव! तिच्यातनं हवा येती, बिबट्या न्हाई."

डॉक्टर गेले. मी विळा घेऊन फ्लेक्सकडे निघाले, तर सासूबाई आडव्या आल्या. "खोकती तर खोकू दे. खोकती म्हंजी जिती तरी हाय. बिबट्यानं नेल्यावं काय खोकणार हाय का ती?"

मी म्हटलं, "आत्या, तुमी घटकाभर आत बसून दावा बरं."

"बसते की! मी काय भिते का काय?" असं म्हणून त्या चहाचा कप घेऊन तावातावानं आत गेल्या आणि दार ओढून घेतलं. अर्धा चहा व्हायच्या आत बाहेर आल्या. डोळ्यांतून धारा, नाकाला पदर. माझ्या हातातला विळा हिसकावून पहिला उमेदवार त्यांनीच उभा फाडला. "अगं आई, दोरी सोडून काढू, फ्लेक्स चांगला हाय," असं म्हणत हे मागे मागे.

पोती निघाली, वारा खेळायला लागला. डॉक्टर येऊन सुया टोचून जात होते. आता गोठा उघडा असल्यामुळे शेळीचा खोकला थेट घरात ऐकू यायचा. तो हळूहळू कमी होत गेला, पण सासूबाईंचा जीव काही थाऱ्यावर येईना.

एके दिवशी तांबडं फुटता फुटता त्यांनी मला हलवून उठवलं. "अगं, खोकंना ती. गेली वाटतं."

मेली की बिबट्यानं नेली, ते त्यांनाही सांगता येईना. मी काठी घेऊन धावले, सासूबाई अनवाणीच, आणि हे पत्र्याचा डबा बडवत सगळ्यांच्या मागे.

शेळी जाळीशी उभी राहून निवांत रवंथ करत होती. सासूबाई मटकन खाली बसल्या. जाळीतून बोटं घालून त्यांनी तिचं नाक चाचपलं, मग गळा, मग फुगलेलं पोट.

"मेले, एकदा तरी खोकायचंस की!" असं म्हणाल्या आणि ढसाढसा रडल्या.