जानकीमावशीचा लेखी खुलासा

जानकीमावशी आमच्या शाळेत सेविका म्हणून लागली त्याला आता चोवीस वर्षं झाली. घंटा देणं, पाणी भरणं, वर्ग झाडणं ही तिची कामं नेमणूकपत्रात लिहिलेली आहेत. मधल्या सुट्टीत शंभरेक मुलांना विहिरीच्या कठड्यापासून, फणसाच्या झाडापासून आणि एकमेकांपासून लांब ठेवणं हे कुठेच लिहिलेलं नाही, पण खरं काम तेच. ते ती पायरीवर बसून, जागची न हलता, नुसत्या तोंडाने करते.

“सर्वेशा, खाली उतार! तंगडी उपटून तुझ्याच गळ्यात घालतलंय!”

सर्वेश उतरतो. आजवर कोणाची तंगडी गळ्यात गेलेली नाही, हे त्यालाही ठाऊक असतं. तरी तो उतरतो.

आमच्या पिढीने खाल्ला तो मार निराळा. निगडीची शिपटी गुरुजी मुलांकडूनच तोडून आणवत, आणि ती बारीक निघाली तर आणणाऱ्याला दोन जास्त बसत. घरी सांगायची सोय नव्हती, कारण घरचे फटके वेगळे मिळत. अजूनही एखादा बाप मुलाचं नाव घालायला येतो तेव्हा म्हणतो, “बाई, आयकलो नाय तर फोडून काढा. आमचा काय म्हणणा नाय.” मुख्याध्यापिका सुनीतीबाई त्याला कायदा समजावून सांगतात. तो मान डोलावतो आणि जाताना माझ्या, म्हणजे कारकुनाच्या, टेबलाशी थांबून विचारतो, “मगे शाळेत घालून उपेग काय?”

अशा गावात जानकीमावशीने चोवीस वर्षांत एकाही पोराला बोट लावलेलं नाही.

यंदा जूनमध्ये दुसरीत गौरजा आली. आईवडील पुण्याचे, मालवणला येणाऱ्या पर्यटकांसाठी त्यांनी आमच्या गावात खोल्या बांधल्या आहेत. शाळा सुरू होऊन आठवडा झाला असेल. गौरजाने जेवताना आईला विचारलं, “कान तळताना रवा लावतात की तांदळाचं पीठ?”

तिची आई सोनल दुसऱ्या दिवशी साडेदहाला अर्ज घेऊन हजर. सेविकेने माझ्या मुलीचे कान कापून कोळंबीबरोबर तळण्याची धमकी दिली आहे, अशा व्यक्तीस शाळेतून काढावे, असा मजकूर होता.

सुनीतीबाईंनी अर्ज दोनदा वाचला. “भाऊसाहेब, कायद्यात नुसता मार नाही, मानसिक त्रासही येतो. ह्यांनी हे वर पाठवलं तर जानकीची नोकरी जाईल. शनिवारी सोनलबाईंना बोलावू. तोवर तिचा लेखी खुलासा घ्या.”

जानकीमावशीला सहीपुरतं लिहिता येतं. म्हणून ती सांगणार आणि मी लिहिणार, असं ठरलं. आठवडाभरात कोणाला काय म्हणालीस ते क्रमाने सांग, म्हटल्यावर तिने प्रामाणिकपणे सगळं सांगितलं. मी ते कार्यालयीन भाषेत उतरवलं आणि नियमाप्रमाणे वाचून दाखवलं.

“सदर सेविकेने इयत्ता दुसरीतील विद्यार्थिनीचे दोन्ही कान कापून ते कोळंबीसमवेत तळण्याचा इरादा व्यक्त केला. इयत्ता चौथीतील विद्यार्थ्यास गळास लावून त्याच्या साहाय्याने मोरी (शार्क) मासा पकडण्यात येईल, असे सूचित केले. तसेच इयत्ता तिसरीतील विद्यार्थ्याचे डोळे काढून त्यांचा गजगे खेळण्याकरिता वापर करण्याबाबत...”

मावशीने तोंडावर पदर धरला. “देवा रे! भाऊसाहेब, ही बाई कोण? हिका पयली कामावरसून काढा! पोरांच्या शाळेत असली बाई?”

“मावशी, ही तूच.”

“मी?” तिने कागद उलटून पाहिला. “मी असा नाय बोलूक. मी मालवणीत बोललंय.”

मग तिच्या ध्यानात आलं की वाचणारे ते मराठीतच वाचणार. आवाज खाली आला. “माझी नोकरीची दोन वर्सां रवली. आता काढल्यानी तर घरात बसान करू काय? भितींक धमकी देव?”

शनिवारपर्यंत तिने मुलांशी सौम्य भाषेत बोलायचं, असं सुनीतीबाईंनी सांगितलं. मावशीने ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत ती फणसाखाली उभी राहून म्हणाली, “बाळा, कृपया झाडावरून उतर.” सर्वेश वरच बसून राहिला, हे आपल्याला उद्देशून आहे हे त्याला कळलंच नाही. मावशीला काय झालंय, डॉक्टरला बोलावलंय का, असं विचारायला तीन मुली माझ्याकडे येऊन गेल्या.

सर्वांत हवालदिल झाली ती गौरजा. शुक्रवारी ती मावशीसमोर जाऊन उभी राहिली.

“मावशी, मी चप्पल विहिरीत टाकू?”

“नको, बाळा.”

“टाकते हं.”

“असं करू नये, बाळा.”

गौरजाने आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग चप्पल टाकली आणि एका पायात चप्पल घालून घरी गेली.

शनिवारी सोनल तिला घेऊनच आली. “बघा, हा इथला परिणाम! पुण्यात असं कधी केलं नव्हतं हिने. काल शेवटी दोन फटके द्यावे लागले मला.”

जानकीमावशी दारात उभी होती. ती एकदम पुढे आली.

“खंय मारलंस?”

“काय?”

“चेडवाक खंय मारलंस? कानार तर नाय?”

“पाठीत,” सोनल म्हणाली. “आणि एक गालावर. साधी चापट होती.”

“परत हिच्या थोबाडार हात उचललंस तर दोनय हात खांद्यापासून उपटून चुलीत घालतलंय! समाजलंस?”

सुनीतीबाईंनी डोळे मिटले. मी पेन खाली ठेवलं. तक्रारदाराला, मुख्याध्यापिकेसमोर, चौकशीच्याच दिवशी! उरलेली दोन वर्षं त्या वाक्यात गेली, असं मला वाटलं.

गौरजाचा चेहरा मात्र उजळला. “आई, मावशी बरी झाली!”

सोनल माझ्याकडे वळली. “काय म्हणाल्या त्या?”

“मुलीवर हात उचलू नये, अशी त्यांची नम्र विनंती आहे,” मी म्हणालो.

तिला सगळं कळलं होतं, हे तिच्या तोंडावरून दिसत होतं. पण ती उठली नाही. मावशी जमिनीवर बसली.

“माझो शिवा आठ वर्सांचो होतो. एकच थापट मारलंय, कानार. तो चार दिवस रडलो. मगे रडाचो थांबलो, आणि त्या कानान आयकाचोय थांबलो. आता रिक्षा चालवता. डावीकडसून हाक मारलंय तर बघणा नाय. त्या दिसापासून हात बंद केलंय बाय. पण पोरां इहिरीर चढतत, माझो जीव वर येता, मगे ता तोंडासून भायर पडता.”

शिवाला मी लहानपणापासून ओळखतो. तो मान वाकडी करून ऐकतो. मी आजवर तो लाजतो असंच समजत होतो.

सोनल म्हणाली, “पण मावशी, शब्दांनीही मुलं घाबरतात.”

“घाबारतत,” मावशीने कबूल केलं. “माका ता भाऊसाहेबांनी वाचल्यार कळला. मीच घाबारलंय.”

सोनलला हसू आवरेना. तिने अर्ज परत मागितला. सुनीतीबाईंनी तो दिला, पण मावशीला अट घातली. “कापणं, तळणं, उपटणं आजपासून बंद. बांधणं किंवा टांगणं एक वेळ चालेल.” मावशीने मान्य केलं. तिचा तो खुलासा मी फाडून टाकला.

मायलेकी निघाल्या. फाटकापाशी गौरजा हात सोडवून चप्पल दिसते का बघायला विहिरीकडे धावली. सोनल मागे गेली आणि तिचा हात वर उठला. तो तसाच हवेत राहिला.

“गौरजा, मागे हो! नाहीतर... नाहीतर मी तुला...”

“काय करशील?” गौरजाने उत्सुकतेने विचारलं.

सोनलने पायरीवर येऊन बसलेल्या मावशीकडे पाहिलं.

“येणी धरून माडाक बांधतलंय म्हण,” मावशीने तिथूनच सांगितलं. “आणि वायच मोठ्यान.”

“वेणी धरून माडाला बांधीन!” सोनल ओरडली.

गौरजाने क्षणभर विचार केला. धमकी अगदीच सुमार होती. पण आईची पहिलीच आहे म्हटल्यावर ती कठड्यापासून मागे आली.