जखम बांधतानाचा आवाज
परवा दवाखान्यात नर्सने दंडाला स्पिरिटचा बोळा लावला आणि मला मिठबावच्या घराचं मागीलदार आठवलं. आमचे हे तेव्हा कमांडोंच्या तुकडीत सुभेदार होते, जखमी जवानांवर जागच्या जागी उपचार करणारे. सुट्टीवर आले होते. विळीवर सुरमई कापताना माझा तळहात खोल कापला, तसे हे धावत आले. खवल्यांनी माखलेला माझा हात वर धरून दाबला, मग स्पिरिटने पुसला. मी डोळे गच्च मिटले, तर कानाशी आवाज आला, "इधर देख, मेरी तरफ. कुछ नहीं हुआ, शेर." इतका मऊ आवाज मी लग्न झाल्यापासून ऐकला नव्हता. पट्टीची गाठ मारून झाली आणि नेहमीच्या खरखरीत आवाजात विचारलं, "दुखता गो?" मी "नाय" म्हटलं, पण अंगाचा तिळपापड झाला होता. कुठल्या कुठल्या डोंगरातल्या जखमी पोरांशी माझा नवरा असा बोलतो! आता हे निवृत्त आहेत, घरीच असतात. त्यांतल्या कुणाचा फोन आला की माडाखाली जाऊन तोच आवाज काढतात. माझ्या वाट्याला तो एकदाच आला, तोही मला त्यांच्यातलाच कुणी समजून.