तांबडं फडकं कोणत्या टेबलाचं?

"मॅडम, चांगलं टेबल आत्ता पुसू नका. तांबडं फडकं वाळलं न्हाय अजून," शेडची साफसफाई करणाऱ्या गंगव्वा मावशी म्हणाल्या, आणि मी चमकून त्यांच्याकडे वळले.

कारण माझ्या हिशेबाने लाल फडकं चांगल्या टेबलाच्या आसपाससुद्धा दिसायला नको होतं.

सोलापूरजवळच्या एका डाळिंबाच्या नर्सरीत मी टेक्निकल सुपरवायझर आहे. डाळिंबाचा वैरी म्हणजे तेल्या. पानांवर, फळांवर तेलकट डाग पाडणारा हा रोग हातांवरून, अवजारांवरून पसरतो. आमच्या शेडमध्ये दोन टेबलं. एकावर शेतकरी आजारी फांद्या दाखवायला आणतात. दुसऱ्यावर मातृवृक्षांची अवजारं असतात. मातृवृक्ष म्हणजे ज्यांच्यापासून रोपं करतो ती निरोगी झाडं. तिथे तेल्या शिरला की नर्सरीचं नाव गेलं.

पूर्वी पुसायला जुन्या टॉवेलचे तुकडे असायचे. मी मायक्रोफायबरची फडकी मागवली. मालक वैतागले. "सोलापुरात राहून फडकी बाहेरून? लोक हसतील की!" पण ही फडकी धूळ, चीक सगळं ओढून घेतात आणि धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतात. ओढून घेतात म्हणूनच एका टेबलाचं दुसऱ्याला चालत नाही. म्हणून लाल आजारी टेबलाला, हिरवं चांगल्याला. भिंतीवर झकास मराठी चार्टही लावला.

"मावशी, लाल फडकं आजारी टेबलाचं ना?"

"अगं बया! तांबडं तर कुंकवाचं. ते आजाऱ्याला कसं वापरायचं?"

"मग हिरवं?"

"आजारी फांद्यांना. हिरव्या होऊ देत की बिचाऱ्या."

"आणि चार्ट?"

"मला कन्नड वाचता येतंय, मॅडम. तुमीच म्हणला, तांबडं येगळं ठेवा, कशात मिसळू नका. मी देवाच्या कापडावानी ठेवलंय. बादलीबी येगळी."

मी खरंच तेवढंच म्हणाले होते. मावशी अक्कलकोटकडच्या, मराठी फर्डं बोलतात, त्यामुळे त्यांना चार्ट वाचता येतो का हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

पण काळजीचं कारण कुठे होतं? रंग उलटे झाले तरी नियम शाबूत होता. तांबडं चांगल्या टेबलावर, हिरवं आजारी टेबलावर, एकदाही अदलाबदल नाही. मी निर्धास्त होणार, तेवढ्यात आठवलं. सकाळी मावशी यायच्या आधी खुंटीवरचं हिरवं फडकं घेऊन सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, पुसली होती ती मीच. त्याच कात्रीने चार मातृवृक्ष छाटले होते.

सगळी अवजारं औषधाच्या पाण्यात बुडवली. चारही झाडांना टेप बांधली, त्यांच्याजवळ जायला बंदी केली. पुढचे दिवस मी रोज प्रत्येक पान उलटंपालटं करून बघत होते. अक्षरशः रडकुंडीला आले होते.

दुसऱ्या आठवड्यात एका झाडाच्या तीन पानांवर डाग दिसले. ते झाड मुळासकट उपटलं, जाळलं. बाकीची तीन शेवटपर्यंत स्वच्छ राहिली.

मालक धूर बघून आले. "फडक्यांचा घोळ झाला म्हणे. त्या बाईला उद्यापासून सांगा, येऊ नको म्हणून."

मावशी पलीकडेच टेबल पुसत होत्या. त्यांचा हात थांबला. खरं सांगते, एक क्षण मलाही ते सोयीचं वाटलं. माझीही नोकरीच होती.

"सर, मावशींनी कधीच मिसळलं नाही. मिसळलं मी."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं, जळत्या झाडाकडे पाहिलं. "मग तुमची सिस्टीम पाळली कुणी?"

"मावशींनी."

"मग त्यांनाच विचारून करा पुढचं."

मालक गेल्यावर मावशींनी आजारी टेबलाचं फडकं उचललं आणि त्याच्या कोपऱ्याला घट्ट गाठ मारली. "गाठीचं आजाऱ्याचं. आता रंग कसलाबी असू दे."

वर्ष झालं, पुन्हा घोळ नाही. नवीन माणूस आला की ट्रेनिंग मावशी देतात. सगळ्यात आधी मला समोर उभं करतात आणि म्हणतात, "ह्या मॅडम. ह्यांच्या हातात फडकं द्यायचं न्हाय."