विहिरीच्या काठावरचा बाप

जो बाप स्वतः वर राहतो आणि मुलाला मरणाच्या तोंडी पाठवतो, त्याला प्रेमळ कसं म्हणायचं? नांदेडच्या आमच्या चर्चमध्ये मी लहानपणापासून जातो, पण क्रूसावर खिळलेल्या देवाच्या पुत्राकडे पाहिलं की हा संशय डोकं वर काढायचाच. पाळकसाहेबांना एकदा विचारलंही. ते म्हणाले, "पिता आणि पुत्र एकच आहेत." मला वाटलं, त्यांनी उत्तर टाळलं.

गेल्या उन्हाळ्यात मी आणि माझा थोरला मुलगा योहान नायगावजवळच्या आमच्या शेतात होतो. शेजारचा गंगाधर मोटार दुरुस्त करायला विहिरीत उतरला आणि घसरून पडला. आतून नुसतं कण्हणं ऐकू येत होतं. योहान कमरेला दोर बांधत म्हणाला, "पप्पा, मी उतरतो. तुम्ही धरा." 'नको' अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात गंगाधर पुन्हा कण्हला. मी होकाराची मान हलवली आणि दोर धरला.

अर्ध्यावर योहानच्या पायाखालचा दगड निसटला. त्याचं सगळं वजन माझ्यावर आलं, तळहात सोलून निघाले आणि मी काठाकडे ओढला जाऊ लागलो. तेव्हा रस्त्यावर एक मोटारसायकल थांबली. कपाळाला भस्म लावलेला, अनोळखी माणूस. त्यानं आधी मोबाइल काढला. मनात आलं, हा आता शूटिंग करणार. पण तो कुणाला तरी ओरडून सांगत होता, "दवाखान्याची गाडी पाठवा!" मग त्यानं माझ्यामागं दोर धरला. हा मध्येच सोडून देईल, अशी भीती मला तरीही होतीच.

"काका, सोडू नका. मी हाय मागं."

त्यानं सोडला नाही. गावातली माणसं धावत आली, योहाननं खाली पोचून गंगाधरला दोर बांधला आणि आधी गंगाधर, मग योहान वर आला. गंगाधरचा पाय मोडला होता, पण जीव वाचला.

दवाखान्यात माझ्या हातांना पट्ट्या बांधल्या जात असताना मी योहानला म्हणालो, "मीच तुला आत पाठवलं रे."

"तुम्ही कुठं पाठवलं? मीच गेलो की. पण तुम्ही नको म्हणाला असता, तर गेलो नसतो."

मी पट्ट्या बांधलेल्या तळहातांकडे पाहिलं. वर उभा असलेला बाप सुखात असतो, हे मी कशावरून धरून चाललो होतो?

माझे सगळे संशय फिटलेत, असं मी म्हणणार नाही. पण त्या अनोळखी माणसाला माझ्यामागं कुणी उभं केलं, याची उलटतपासणी मी केली नाही. मी फक्त आभार मानले आणि आयुष्यात पहिल्यांदा, सगळं समजून घ्यायचा हट्ट सोडून, देवाला मनापासून बाप म्हणून हाक मारली.